आजोबांच्या हातात हात

थोरली माहेरी पोचली तेव्हा तिचा बाप एका माणसाला मारत होता. म्हणजे घरी सगळं नेहमीसारखंच होतं.

घर गॅरेजच्या मागे. आत शिरायचं तर आधी टायरांच्या ढिगातून, तेलाच्या डागांवरून आणि बापाच्या समोरून जावं लागे. रंगकाम करणारा कारागीर एका मोटारीला पाठ लावून उभा होता आणि त्याच्या नाकातून रक्त गळत होतं. बापाने त्याला आणखी एक ठेवून दिली. गुन्हा काय, तर रंगाचा शिंतोडा काचेवर उडाला. कारागीर चांगला पस्तिशीचा, पोराबाळांचा धनी, पण मान खाली घालून "चुकलं मालक" म्हणाला आणि बाहीला नाक पुसून पुन्हा कामाला लागला.

"आलीस होय?" बापाने चिंधीला हात पुसले. "आणि ही आमची नातवंडं! या, या!" त्याच हाताने त्याने भोपळ्याचा गालगुच्चा घेतला.

भोपळ्या म्हणजे थोरलीचा चार वर्षांचा मुलगा, नावाला जागणारा. मोठी सात वर्षांची मुंगी. स्वस्थ बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. झोपेतसुद्धा ती पलंगाच्या या टोकाची त्या टोकाला जायची. आत्ता मात्र ती कारागिराच्या नाकाकडे बघत खिळून राहिली होती. थोरलीने तिला पुढे ढकललं. कारागीर परका आहे, बाप पोरांवर नाही हात उचलणार, असं तिने स्वतःला सांगितलं. मनाची समजूत घालण्यात ती लहानपणापासून पटाईत होती.

गॅरेजातली माणसं तिच्या बापाला पाठीमागे 'पक्कड' म्हणत, आणि त्यांना अर्धीच गोष्ट ठाऊक होती. पट्ट्याने फोडून काढणं, डोकं भिंतीवर आपटणं, हे त्याचं घरातलं काम. चारचौघांत त्याची रीत वेगळी होती. पाहुणे आले, चहा आला, की तो लाडाने म्हणायचा, "ये गं, बस बापाजवळ." हात हातात घ्यायचा आणि गप्पा मारता मारता आवळायचा. बोटं एकमेकांवर चढायची, हाडं करकरायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि हा समोरच्याला हसत हसत इंजिनाचा गुण समजावत असायचा. हलायचं नाही. आवाज काढायचा नाही. काढला तर पाहुणे गेल्यावर पट्टा होताच. पाहुणे दारातून निघताना एकमेकांना म्हणायचे, बाप असावा तर असा, लेकीचा हात म्हणून सोडत नाही.

आईच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी होती. धाकट्या भावाची करंगळी बाहेर वळलेली होती. डॉक्टरांकडे जायची वेळ आली की आई सांगायची, दारात सापडलं. डॉक्टर भला माणूस, चौकशीत शिरायचा नाही. एकदा बँडेज बांधता बांधता तो म्हणाला होता, "वहिनी, ते दार एकदा काढूनच टाका घरातून." आई हसली होती. थोरलीही हसली होती, कारण आई हसली म्हणून.

धाकटा मात्र हसणाऱ्यातला नव्हता. एकोणिसाव्या वर्षी त्याने जॅकचा दांडा उचलला आणि बापाच्या तोंडावर घातला. पुढचे दात फरशीवर सांडले. धाकटा त्या दिवशी गेला तो गेलाच. आणि नशिबाचा खेळ बघा, थोरली पुढे कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला लागली आणि बापाची कवळी तिनेच बनवली. भावाने पाडलं ते बहिणीने भरून दिलं, असं घर.

इकडे यायला निघाली तेव्हा तिने धाकट्याला फोन केला होता.

"पोरांना त्या घरात नेतेस?" तो म्हणाला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं, ताई?"

"म्हातारा झालाय रे. तोंडात दात नाहीत."

"दात मी पाडले. हात तसेच आहेत."

"पोरांना त्याने नुसता धक्का जरी लावला ना, तर त्या क्षणी उठेन. पुन्हा त्या घराचं तोंड बघणार नाही. आईसाठीसुद्धा नाही."

"आई लावील बघ तुला पुन्हा मनाची समजूत घालायला," धाकटा म्हणाला आणि फोन ठेवला.

आईसाठीच तर ती आली होती. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आईने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. शेजारणीच्या कपाटावर तिने एक वस्तू पाहिली होती: आजोबांचा मोठा हात, त्यात नातवंडांचे छोटे हात, सगळे प्लास्टरचे, बोटांवरच्या रेघासुद्धा दिसतात असे. "तुला येतं ना गं तसं?" आई फोनवर कुजबुजली होती. "दातांचं माप घेतेस, तसंच हातांचं. या घरात एक तरी हात असा असू दे, की बघून बरं वाटेल." थोरलीने हो म्हटलं.

पोरं तर आठवडाभर नाचत होती. आइस्क्रीमच्या काड्या रंगवून, एकमेकींना चिकटवून त्यांनी हात ठेवायला एक चौरंगासारखी पाटी केली होती. कडेने शर्टाची जुनी बटणं लावली होती. मधोमध मुंगीने 'आजीआजोबा' लिहिलं होतं, आणि भोपळ्याने त्यावर स्वतःचा म्हणून एक हिरवा ठिपका दिला होता. तो अर्ध्या 'बा'वर बसला म्हणून दोघांची झोंबाझोंबी झाली होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर थोरलीने सामान मांडलं. बादली, रबरी वाटगा, सुरी, लॅबमधली लाकडी हातोडी, माप घ्यायची गुलाबी पावडर आणि प्लास्टर. ही गुलाबी पावडर पाण्यात कालवली की आधी पातळ पिठासारखी असते आणि बघता बघता रबरासारखी घट्ट होते. तेवढ्या वेळात हात आत असला पाहिजे आणि निश्चल असला पाहिजे. मग हात काढून घ्यायचा, आत राहिलेल्या पोकळीत प्लास्टर ओतायचं, आणि ते सुकलं की वरचं रबर सोलून टाकायचं.

"हे खायचं असतं?" भोपळ्याने विचारलं.

"खा, म्हणजे पोटातून आजोबांचा हात निघेल," मुंगी म्हणाली. भोपळ्याने बोट घातलं होतं ते घाईने चड्डीला पुसलं.

"आई, तूही हात घाल ना," थोरली म्हणाली.

"माझा नको बाई. माझा काय हात आहे? चांगले तेवढे घ्या." आईने वाकडी बोटं मुठीत लपवली. थोरलीने ते पाहिलं, पण पावडर भिजली होती आणि पावडर कुणासाठी थांबत नाही.

बाप खुर्ची ओढून बसला. बाही कोपरापर्यंत गुंडाळली. त्याचा तो रुंद, केसाळ हात बादलीत उतरला. त्यात मुंगीचा हात, वरून भोपळ्याचा.

"ऐका," थोरली म्हणाली. "आता हलायचं नाही. काही झालं तरी नाही. नाक खाजलं तरी नाही. तोंडातून आवाजही नको, आवाज केला की हात हलतो. कुणी हललं तर सगळं वाया."

हे बोलताना तिला काहीच वाटलं नाही. पुढे मात्र जन्मभर वाटत राहणार होतं.

मुंगी ती मुंगीच. आत तिचं काहीतरी चुळबुळलं आणि वरचं गुलाबी पीठ थरथरलं.

"हलू नको," बाप हळू आवाजात म्हणाला. मग तो मान वर करून थोरलीकडे बघून हसला. "तुला आठवतं का गं, तो लांब नाकाचा ट्रक यायचा आपल्याकडे? काय इंजिन होतं! रडायचं नाही, कुरकुरायचं नाही. असं इंजिन आता बनत नाही."

थोरली बादलीवर वाकली होती. कडेला बोट टेकवून घट्ट झालं का बघत होती. तिचा दुसरा हात आपसूक काखेत जाऊन दडला होता; तिला वाटलं, पाण्यात हात घालून गार पडला असेल. बाप ट्रकबद्दल बोलत राहिला. मुंगीच्या ओठांचा रंग उतरला होता. डोळे थोरलीवर खिळलेले, पापणी म्हणून लवत नव्हती.

"शाब्बास गं माझी मुंगी!" थोरली म्हणाली. "बघ रे भोपळ्या, ताई किती शहाण्यासारखी उभी आहे."

मुंगीने शहाण्यासारखी मान हलवली. फक्त मान.

रबर घट्ट झालं. भोपळ्याचा हात फसकन आवाज करत निघाला आणि तो खिदळला. मग मुंगीचा निघाला. मग बापाचा. तो हात पुसत, शीळ घालत गॅरेजात निघून गेला. थोरलीने मागे वळूनही पाहिलं नाही. माप उघडं राहिलं की आकसतं, म्हणून ती लगेच प्लास्टर कालवायला लागली, पातळ ओतत गेली, बादलीला टिचक्या मारत गेली की बोटांच्या टोकांना हवेचे बुडबुडे राहू नयेत. कामात ती चोख होती. तिचं सगळं लक्ष बोटांच्या टोकांकडे होतं.

काम संपवून ती मोरीकडे गेली तेव्हा आई नळाखाली मुंगीचा हात धरून उभी होती. अनामिका सुजून निळी पडली होती आणि बाजूला कलली होती.

"अगं, काय झालं?"

"दारात सापडलं," आई म्हणाली. "न्हाणीघराच्या. इकडे तिकडे पळत असते ना."

थोरलीने मुंगीकडे पाहिलं. मुंगीने आजीकडे पाहिलं.

"हो," मुंगी म्हणाली. "दारात."

"दुखतंय?"

"नाही."

ही पोर केस विंचरताना गाव गोळा करायची. डोक्यातला गुंता सुटेपर्यंत शेजारी येऊन विचारायचे, काय झालं. आणि आता बोट वांग्यासारखं झालं होतं आणि ती म्हणत होती, नाही.

"चल, डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ गं, जाऊ," आई घाईने म्हणाली. "आधी ते हात निघू देत. आता उठून गेलात तर हे चिडतील. मी बर्फ लावते. लहान मुलांची हाडं लवकर जुळतात." तिला ठाऊक असणारच. पन्नास वर्षांचा अनुभव होता.

थोरली न्हाणीघराच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. लाकूड फुगलेलं होतं, खालची कड फरशीला घासत होती. ते नीट बंद होतं का, ढकलून बघावं असं तिला वाटलं. एक धक्का द्यायचा, बस्स. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. तिला कळायला नको होतं. कळलं असतं तर उठावं लागलं असतं, आणि आई दारात बर्फाचं भांडं घेऊन तिच्याकडे अशी बघत होती, की थोरलीला आपण पुन्हा सात वर्षांच्या झाल्यासारखं वाटलं.

प्लास्टर सुकलं. चहाच्या वेळेला बाप आत आला, "काय, झाला का आमचा पुतळा?" म्हणत खुर्चीत बसला. पोरांनी काड्यांची पाटी टेबलावर आणून ठेवली. मुंगीने डाव्या हाताने ठेवली. उजवा रुमालात बांधलेला होता. थोरलीने बादली उलटी केली, गुलाबी गोळा बाहेर आला आणि ती सुरीने रबर सोलायला लागली.

आधी भोपळ्याचा हात दिसला. गुबगुबीत, मनगटाला वळी, नखात अडकलेला मातीचा कणसुद्धा उमटलेला. "माझा! माझा!" भोपळ्या ओरडला. मग खालून बापाचे सांधे वर आले. थोरलीचे हात थोडे मंदावले. हातात हात धरलेल्या माणसाचे सांधे असे उंच येत नाहीत. हाताच्या पाठीवरच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ होत्या. अंगठ्याचं नख खाली रुतलं होतं. तिने सुरी बाजूला ठेवली आणि नखाने रबर ओरबाडून काढलं.

त्या मुठीत मुंगीची बोटं होती. तीन एकमेकांवर चढलेली, दबून चपटी झालेली. चौथं दोन जाडजूड बोटांच्या फटीतून बाहेर आलेलं, मधल्या सांध्यातून भलत्याच बाजूला वळलेलं. थोरली रोज माणसांच्या जबड्यांची मापं ओतत होती. माप जसं असतं तसंच प्लास्टरमध्ये उतरतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती शाब्बास म्हणाली तेव्हा आत हे चाललं होतं. पोरीने आपल्या आईकडे बघत, आईनेच सांगितलं म्हणून, आवाज केला नव्हता.

आईने पातेल्यावर झाकण ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"तुम्ही हिचं बोट मोडलंत," थोरली म्हणाली.

"चुळबुळ करत होती कार्टी," बाप म्हणाला. "दाबून धरला म्हणून तुझं माप धड आलं. आणि तूच म्हणालीस ना, काही झालं तरी हलायचं नाही? ऐकलं तिने. पोर गुणाची आहे."

थोरलीने हातोडी कधी उचलली ते तिला कळलं नाही. पण बापाला कळलं. इतक्या वर्षांची सवय. त्याने टेबलावरूनच तिचं मनगट पकडलं आणि आवळलं. हातोडी खाली पडली. ओळखीचीच कळ खांद्यापर्यंत चढली, गुडघे आपोआप वाकले. तो हसत होता. तिनेच घासूनपुसून बसवलेले ते पांढरेशुभ्र दात.

"हळू," तो म्हणाला. "गॅरेजात माणसं आहेत."

माणसं आहेत. सगळी गोम तिथेच होती. माणसं होती म्हणून तर ती कधी ओरडली नव्हती.

थोरली ओरडली.

ती कशी ओरडली ते सांगून कळायचं नाही. शब्द नव्हते त्यात. जन्मापासून गिळलेलं सगळं एकदम वर आलं आणि त्याला तोंड पुरेना. भांडी वाजली. बाप क्षणभर गडबडला, मग त्याने दुसऱ्या हाताने तिच्या कानशिलात भडकावली. ती टेबलावर आदळली, बादली कोसळली, ओठ फुटला आणि तोंडात रक्त आलं. त्याने आणखी एक मारली. मनगट सोडलं नव्हतं; आतलं काहीतरी कटकन मोडलं. ती ओरडतच राहिली.

"गप! गप बस, रांडे!"

"मुंगे!" थोरली किंचाळली. "हल! पळ! ओरड, बाळा! मोठ्याने ओरड!"

मुंगी भिंतीला चिकटली होती, दोन्ही हात पाठीमागे. तिने तोंड उघडलं. आधी नुसतीच हवा आली. मग ती अशी किंचाळली की भोपळ्यानेही भोकाड पसरलं, आणि गॅरेजातली ठोकाठोक थांबली.

तेवढ्यात आईने टेबलावरचे हात उचलले. प्लास्टरचे हात, मागून घेतलेले, बघून बरं वाटावं म्हणून केलेले. वाकड्या बोटांत ते नीट धरता येत नव्हते म्हणून तिने छातीशी कवटाळले, मग दोन्ही हातांनी डोक्यावर नेले आणि नवऱ्याच्या मनगटावर घातले. पहिल्या तडाख्यात भोपळ्याचा हात तुटून उडाला. दुसऱ्या तडाख्यात मूठ फुटली. तो गुरासारखा ओरडला, पण पकड सुटली नाही. तिसऱ्या वेळी आईच्या हातात नुसता मनगटाचा खुंट उरला होता. तोच तिने त्याच्या सांध्यांवर हाणला, पुन्हा पुन्हा, तोंडाने एक अक्षर न बोलता. रक्त आलं, पांढरी भुकटी लाल झाली. मग ती बोटं उघडली.

दारात गॅरेजातली माणसं जमली होती. पुढे रंगारी होता, नाकात कापसाचे बोळे घातलेला. बापाने त्यांना पाहिलं आणि जखमी हात काखेत दाबत, त्या अवस्थेतही, तो हसायला गेला. "काही नाही रे, पोरीला जरा लागलं..." कवळी सैल होऊन खालच्या ओठावर आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच निसटली होती. बसवताना थोरलीने काम चोख केलं होतं. कुणी हसलं नाही. कुणी "चुकलं मालक" म्हणालं नाही. बापाने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हळूच खुर्चीत बसला.

"गाडी काढतो, ताई," रंगारी म्हणाला.

थोरलीचा उजवा हात लटकत होता. तिने डाव्या हाताने पाटी टेबलाच्या कडेवर आपटून फोडली, एक रंगीत काडी वेगळी केली आणि दातांनी रुमाल फाडून मुंगीच्या बोटाला बांधली. काडीवर निळं बटण तसंच राहिलं होतं.

"आई, चुकलं माझं," ती मुंगीला म्हणाली. मुलीला 'आई' म्हणायची तिची पद्धत नव्हती. त्या वेळी तोंडातून तेच आलं. "मीच तुला गप्प केलं गं."

"आता रडू का?" मुंगीने विचारलं.

"रड. वाटेल तितकं रड."

मग ती पोर गाडीत बसेपर्यंत आणि गाडी सुटल्यावरही रडत राहिली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही. निघताना आई उंबऱ्यात क्षणभर थांबली होती. मागून बाप म्हणत होता, "कुठे निघालीस? माझ्या हाताला पाणी कोण लावणार?" आईने घाईत चपला घातल्या. एक तिची होती, एक त्याची. तशीच फटक फटक करत ती गाडीत येऊन बसली.

डॉक्टर आता म्हातारा झाला होता. चष्म्याची काच जाड झाली होती, पण दवाखाना तोच आणि खुर्चीही तीच. त्याने आधी मुंगीच्या बोटावरची काडी बघितली, बटण बघितलं, मग थोरलीचं मनगट, तिचा फुटलेला ओठ. मग त्याची नजर मागे उभ्या असलेल्या आईवर गेली आणि त्याने ओळखलं.

"वहिनी," तो म्हणाला. "पुन्हा दारच का?"

आईने तोंड उघडलं. थोरलीला दिसलं, शब्द तिच्या जिभेवर आला आहे, सवयीने, घोटून घोटून गुळगुळीत झालेला. आईने तो गिळला.

"दार नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "नातीचं बोट तिच्या आजोबांनी मोडलं. लेकीचं मनगटही त्यांनीच. त्या दाराला मी उगीच बदनाम केलं इतकी वर्षं."

डॉक्टरांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

आई पुढे आली. स्टूल ओढून मुंगीच्या शेजारी बसली, आणि प्लास्टरची भुकटी लागलेला तिचा उजवा हात तिने पालथा करून टेबलावर, दिव्याखाली, मुंगीच्या हाताला लागून ठेवला.

"आणि ही दोन जुनी आहेत," ती म्हणाली. "हीसुद्धा लिहा."